पुण्यात बनणारी मलेरियाची लस: ७५ टक्के म्हणजे नेमकं काय आणि ती आपल्या मुलांना का मिळत नाही

मलेरियाच्या लसीची बातमी आली की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, ही लस आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते ना, मग आपल्या पोरांना का देत नाहीत, सगळी आफ्रिकेला का जाते? दुसरा, कोविडची लस वर्षभरात आली, मग पिढ्यानपिढ्या माणसं मारणाऱ्या मलेरियावर लस यायला २०२१ साल का उजाडावं लागलं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर नीट कळलं की पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच मिळतं, म्हणून आधी तिकडूनच सुरुवात करतो.

त्याआधी एक आकडा मात्र डोक्यात राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात मलेरियाने जगभरात ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथल्या दर चार मृत्यूंमधले तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. म्हणजे मिनिटाला एकापेक्षा जास्त मृत्यू, वर्षभर, रात्रंदिवस.

एवढं अवघड काय होतं त्यात

कोविड, गोवर, पोलिओ हे विषाणूंचे आजार. विषाणू म्हणजे अगदी तुटपुंजा जीव, मोजकी जनुकं आणि मोजकी प्रथिनं. कोविडच्या वेळी त्यातलं स्पाइक नावाचं एक प्रथिन शरीराला ओळखायला शिकवलं आणि काम झालं. मलेरिया करणारा प्लाझमोडियम हा परजीवी आहे, त्याच्याकडे पाच हजारांहून जास्त जनुकं आहेत आणि मुख्य म्हणजे तो आपल्या शरीरात आल्यावर एका रूपात राहत नाही.

रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ ला आपल्याच देशात, सिकंदराबादला, डासाच्या पोटात हा परजीवी शोधला, तेव्हापासून त्याचा प्रवास हळूहळू उलगडत गेला. अॅनोफिलीस जातीची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून काही डझन, फार तर शंभरेक परजीवी आत येतात. या रूपाला स्पोरोझोइट म्हणतात. त्यातले बरेचसे अर्ध्या-एक तासात यकृतात म्हणजे लिव्हरमध्ये शिरतात. तिथे साधारण आठवडाभर गुपचूप वाढतात, आपल्याला काही म्हणजे काही जाणवत नाही, आणि मग एकेका पेशीतून हजारोंच्या संख्येने वेगळ्याच रूपात बाहेर पडून रक्तातल्या लाल पेशींवर तुटून पडतात. थंडी वाजून ताप येतो तो इथे, म्हणजे ताप येईपर्यंत परजीवीचा निम्मा कारभार उरकलेला असतो.

हे असं समजा की गावाच्या वेशीवर राखणदार उभा आहे आणि त्याला चोराचं वर्णन दिलंय, पांढरा सदरा, लाल पागोटं. चोर वेशीतून आत येतो तेव्हाच काय तो धरता येईल, कारण एकदा का तो वाड्यात शिरला आणि कपडे बदलून दुसऱ्या दाराने बाहेर पडला की ते वर्णन काही कामाचं राहत नाही. आणि इथे तर चोर वेशीतून जायला जेमतेम अर्धा-एक तास घेतो, शंभरातले नव्याण्णव पकडले तरी सुटलेला एक जण आत जाऊन हजारो होतो. रक्तात आल्यावर तर तो वारंवार कपडे बदलत राहतो, लाल पेशीच्या बाहेर जे प्रथिन दिसतं त्याच्या साठेक आवृत्त्या त्याच्याजवळ असतात आणि एक ओळखली जायला लागली की दुसरी काढतो.

अजून एक अडचण आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. गोवर एकदा झाला की सहसा परत होत नाही, म्हणजे शरीर स्वतःच धडा शिकतं आणि लसीला फक्त तोच धडा आजार न होऊ देता द्यायचा असतो. मलेरिया दहा वेळा झाला तरी अकराव्यांदा होतो. आफ्रिकेत मोठ्या माणसांना तो होऊन होऊन जरा सौम्य होतो खरा, पण ती प्रतिकारशक्ती अर्धवट असते आणि माणूस काही वर्षं दुसरीकडे राहायला गेला की तीही ओसरते. म्हणजे जे निसर्गाला धड जमलं नाही ते लसीने करून दाखवायचं होतं. वेळ लागला तो प्रामुख्याने यामुळे.

मग लसीत असतं काय

सध्या दोन लसी वापरात आहेत. पहिली आरटीएस,एस, बाजारातलं नाव मॉस्क्विरिक्स, ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीची, तिचं काम १९८० च्या दशकात सुरू झालं. दुसरी आर२१, ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये एड्रियन हिल यांच्या टीमने तयार केलेली आणि सीरमने बनवलेली. दोन्हींची कल्पना एकच, चोराला वेशीवर धरायचं. स्पोरोझोइटच्या अंगावर सीएसपी नावाचं एक प्रथिन असतं. त्याचा तुकडा घेऊन हिपॅटायटिस बी च्या लसीत जे प्रथिन असतं त्याला जोडतात. हे प्रथिन आपोआप गोळा होऊन बारीक कण तयार करतं आणि शरीर कणांना चटकन ओळखतं. हे सगळं यीस्टमध्ये, मोठमोठ्या टाक्यांमध्ये वाढवतात. अख्खा परजीवी यात कुठेच नसतो, त्यामुळे लसीनेच मलेरिया होईल का ही भीती बाळगायचं कारण नाही.

फरक असा की आर२१ च्या कणावर मलेरियाच्या तुकड्याचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे एका डोसला ५ मायक्रोग्रॅम प्रथिन पुरतं, आरटीएस,एस ला २५ लागतं. जोडीला अॅडज्युव्हंट म्हणजे शरीराला खडबडून जागं करणारा पदार्थ घालतात. आर२१ मध्ये तो मॅट्रिक्स-एम नावाचा आहे, नोव्हाव्हॅक्स कंपनीचा, आणि तो चिलीतल्या एका झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनपासून करतात. आपल्या रिठ्याला फेस येतो तो याच जातीच्या पदार्थामुळे.

७५ टक्के म्हणजे शंभरातली पंचवीस मुलं वाऱ्यावर सोडली का

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की इथे जरा थांबून बोलायला हवं.

आर२१ ची मोठी चाचणी बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानियात ५ ते ३६ महिन्यांच्या ४,८०० हून जास्त मुलांवर झाली आणि २०२४ च्या सुरुवातीला छापून आली. जिथे मलेरिया पावसाळ्यापुरता येतो त्या भागात पहिल्या वर्षी ७५ टक्के, आणि जिथे तो वर्षभर असतो तिथे ६८ टक्के परिणाम दिसला. आता हे टक्के मुलांचे नाहीत, मलेरियाने आजारी पडण्याचे आहेत. बुर्किना फासोसारख्या ठिकाणी एकाच मुलाला एका पावसाळ्यात दोनदा-तीनदा मलेरिया होऊ शकतो. समजा शंभर मुलं वर्षात मिळून दोनशे वेळा आजारी पडायची, तर लसीनंतर ती साधारण पन्नास वेळा पडतील. त्या पन्नासात जवळपास कुठलंही मूल असू शकतं, पण प्रत्येकाच्या वाट्याचे ताप कमी झालेले असतात. प्रत्यक्षात पावसाळी भागात दर हजार मुलांमागे वर्षाला ८६८ आजारपणं टळली असा हिशोब निघाला. हजार मुलांमागे ८६८, हे वाचून मी परत एकदा वाचलं होतं.

शिवाय हे सगळं आहे त्या उपायांच्या वर मिळालेलं. ज्या गटाला मलेरियाची लस नव्हती त्या मुलांनाही मच्छरदाण्या होत्या आणि पावसाळी भागात द्यायच्या प्रतिबंधक गोळ्याही होत्या.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, बातम्यांमध्ये आर२१ ही आरटीएस,एस पेक्षा कितीतरी भारी असं चित्र रंगवलं जातं ते बरोबर नाही. दोन्ही लसी समोरासमोर ठेवून चाचणी झालेली नाही, आणि पावसाळ्याच्या तोंडावर दिली तर आरटीएस,एस नेही पहिल्या वर्षी ७५ टक्क्यांच्या आसपासच आजारपणं टळतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आरटीएस,एस चा ३६ टक्के हा जो आकडा फिरतो तो चार वर्षांचा आहे, एक वर्षाचा आकडा आणि चार वर्षांचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नये. दोन्ही लसींचा असर महिन्यामहिन्याने उतरत जातो. म्हणून तर चौथा डोस आहे.

आर२१ चं खरं मोठेपण माझ्या मते दुसरीकडे आहे. आरटीएस,एस चा एक डोस नऊ युरोच्या वर पडत होता आणि २०२३ ते २०२५ या तीन वर्षांसाठी मिळून १२ देशांना १ कोटी ८० लाख डोस वाटायला होते, मागणारे देश त्याच्या दुपटीहून जास्त. आर२१ दोन ते चार डॉलरला, म्हणजे साधारण पावणेदोनशे ते साडेतीनशे रुपयांना एक डोस, आणि सीरमने वर्षाला १० कोटी डोस बनवायची तयारी ठेवली. कुठल्या देशाला मिळेल आणि कुठल्या देशाला थांबावं लागेल हा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. प्रयोगशाळेत शोध लावणं ही मोठी गोष्ट आहेच, पण तो शोध गरिबातल्या गरीब आईला परवडेल अशा भावात कोटींच्या संख्येने बनवणं हेही तेवढंच मोठं शास्त्र आहे आणि ते पुण्यात होतंय याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

गरीब मुलांवर प्रयोग केले असं नाही का झालं

हा आक्षेप ऐकला की लोक लगेच चिडतात, पण चिडायचं कारण नाही, इतिहासात असं घडलेलं आहे म्हणून लोक विचारतात. इथे काय झालं ते सांगतो. मलेरिया जिथे आहे तिथेच त्याची लस तपासता येते, आणि या चाचण्यांची धुरा आफ्रिकन शास्त्रज्ञांकडेच होती, उदाहरणार्थ बुर्किना फासोतल्या नानोरो गावच्या केंद्रात हालिदू टिंटो यांच्याकडे. ज्या मुलांना मलेरियाची लस द्यायची नव्हती त्यांना नुसतं मिठाचं पाणी न टोचता रेबीजची लस दिली, म्हणजे त्यांच्याही पदरात काहीतरी पडावं.

सुरक्षिततेचं म्हणाल तर आरटीएस,एस च्या मोठ्या चाचणीत तीन गोष्टी खटकल्या होत्या. लस घेतलेल्या मुलांत मेंदूज्वर थोडा जास्त दिसला, मेंदूला होणारा मलेरिया जास्त दिसला आणि मुलींचे मृत्यू जास्त दिसले. आकडे लहान होते, योगायोग असू शकत होता, पण दुर्लक्ष करून चालणार नव्हतं. म्हणून २०१९ पासून मलावी, घाना आणि केनियात आधी काही भागांत लस देऊन लक्ष ठेवलं. चार-साडेचार वर्षांत जवळपास २० लाख मुलांना लस दिली गेली. तिन्ही शंका खऱ्या ठरल्या नाहीत. उलट लस सुरू झालेल्या भागात, लहान मुलांचे अपघात सोडून बाकी सगळ्या कारणांचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले, आणि त्या भागातल्या सगळ्याच मुलांनी लस घेतली होती असंही नाही. टोचल्यावर ताप येतो, सुई टोचलेली जागा दुखते, क्वचित एखाद्या मुलाला तापात झटका येतो, हे आहे आणि ते पालकांना आधी सांगायलाच हवं.

या सावधगिरीची किंमतही मोजावी लागली. युरोपच्या औषध यंत्रणेने २०१५ लाच अनुकूल मत दिलं होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आली ६ ऑक्टोबर २०२१ ला. सहा वर्षं. शंका तपासायलाच हव्या होत्या यात वाद नाही, पण पैशाअभावी आणि बैठकांमध्ये गेलेला वेळ वाचवता आला असता असं मला ठाम वाटतं. हाच आजार श्रीमंत देशातल्या मुलांना होत असता तर सहा वर्षं लागली असती का, हे विचारलंच पाहिजे. आर२१ ची शिफारस मात्र लवकर झाली, २ ऑक्टोबर २०२३ ला.

बाटली फॅक्टरीतून निघते, पण मांडीपर्यंत कशी पोचते

आपल्याकडे आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला हे सगळं तोंडपाठ असतं, आपण मात्र कधी विचारत नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, कारखान्यापासून विमान, गोदाम, जिल्ह्याचा फ्रीज, केंद्राचा फ्रीज आणि शेवटी खांद्याला लावलेला व्हॅक्सिन कॅरिअर, असं सगळीकडे. बाटलीवर एक छोटासा जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत फिकट चौकोन, त्याला व्हीव्हीएम म्हणतात. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो, आणि तो गोलाच्या रंगाइतका झाला की बाटली बाद. वाचता न येणारी आईसुद्धा हे बघून ओळखू शकते.

पण नुसती उष्णताच वाईट असं नाही, या लसी गोठल्या तरी वाया जातात, आणि गोठल्याचं तो चौकोन सांगत नाही. म्हणून डीप फ्रीझरमधून काढलेले आइस पॅक लगेच कॅरिअरमध्ये घालत नाहीत. ते बाहेर ठेवतात, वर पाणी सुटतं, हलवून आत बर्फ खुळखुळतोय का बघतात आणि मग घालतात. घाईच्या दिवशी हे थांबणं टाळलं की अख्खा कॅरिअर फुकट जाऊ शकतो आणि कुणाला कळतही नाही.

आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे चौथा डोस. पहिले तीन डोस पाचव्या महिन्यापासून महिना-महिन्याच्या अंतराने, चौथा त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने. पहिल्या डोसला आया मोठ्या संख्येने येतात. चौथ्याच्या वेळी मूल चालायला-पळायला लागलेलं असतं, दुसरी कुठली लस त्याच महिन्यात असेलच असं नाही, रस्ते पावसात तुटलेले आणि नेमकी पेरणीची धांदल. मलावी, घाना, केनिया, तिन्हीकडे चौथ्या डोसला गळती मोठी होती. आपल्याकडे दीड वर्षाचा डीपीटीचा बूस्टर कितीतरी घरांत राहून जातो, तीच गोष्ट. त्यामुळे मालीसारख्या देशात पहिले तीन डोस वयानुसार आणि पुढचे डोस मात्र पावसाळ्याच्या आधी सगळ्यांना एकदम द्यायची पद्धत अवलंबली जातेय. बुर्किना फासो आणि मालीतल्याच एका अभ्यासात लस आणि पावसाळी गोळ्या दोन्ही दिल्यावर नुसत्या गोळ्यांपेक्षा मलेरियाची आजारपणं जवळपास ६० टक्क्यांनी आणि मलेरियाचे मृत्यू ७० टक्क्यांच्या वर कमी झाले होते.

कॅमेरूनने जानेवारी २०२४ मध्ये नेहमीच्या लसीकरणात आरटीएस,एस आणली, जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टने आर२१ सुरू केली आणि २०२५ संपेपर्यंत आफ्रिकेतल्या २० हून जास्त देशांत मलेरियाची लस पोचली. यातला बहुतेक पैसा गावी (Gavi) या, गरीब देशांना लसी पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत येतो, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेने गावीला पैसे द्यायचं थांबवतोय असं जाहीर केलं. त्या वेळी गावीला पुढच्या पाच वर्षांसाठी ११.९ अब्ज डॉलर हवे होते, कबूल झाले ते ९ अब्जांच्या थोडे वर. लस तयार आहे, कारखान्याची ताकद आहे, आणि अडतंय ते पैशापाशी, हे मला फार खुपतं.

मग आपल्याला का नाही

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. या दोन्ही लसींमधला तुकडा फाल्सिपॅरम जातीच्या परजीवीचा आहे. आफ्रिकेत जवळपास सगळा मलेरिया तोच. आपल्याकडे फाल्सिपॅरमबरोबर व्हायव्हॅक्सही मोठ्या प्रमाणात आहे, त्याचं सीएसपी प्रथिन वेगळं आहे, म्हणजे राखणदाराला दिलेलं वर्णनच भलत्याचं. व्हायव्हॅक्स लिव्हरमध्ये महिनोन्महिने झोपून राहतो आणि परत उठतो, त्याला तर ही लस हातही लावत नाही.

दुसरं कारण म्हणजे आपल्याकडचं मलेरियाचं प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात २०१७ ला ६४ लाखांच्या आसपास रुग्ण होते, २०२३ ला ते २० लाखांवर आले. हे औषधी मच्छरदाण्या, फवारणी आणि गावातच होणाऱ्या झटपट रक्ततपासणीमुळे झालं, लसीशिवाय. मुंबईत पावसाळ्यात मलेरिया येतो पण तो सगळ्या वयात विखुरलेला असतो, लहान मुलांना चार-चार डोस देऊन त्यात फारसा फरक पडणार नाही.

यावर कुणी म्हणेल, मग गडचिरोलीचं काय? भामरागडसारख्या भागात मलेरिया भरपूर आहे, आणि फाल्सिपॅरमही भरपूर आहे. हा आक्षेप मला पटतो. तिथलं जंगल, पावसाळ्यात तुटणारे पाडे, शेजारच्या छत्तीसगडमधून होणारी ये-जा, हे सगळं बघता अशा मोजक्या तालुक्यांत लसीचा उपयोग होईल का याचा नीट अभ्यास व्हायला हवा असं माझं मत आहे. सध्या मात्र ही लस आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, आणि तिथे आज जीव वाचवतात ते मच्छरदाणी आणि आशाताईच्या हातातलं तपासणी किट. ताप आल्या दिवशी रक्त तपासणं, आणि व्हायव्हॅक्स निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस घेऊन थांबायचं नाही, डॉक्टरांनी दिलेला प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स संपवायचा, कारण लिव्हरमध्ये झोपलेल्या परजीवीला क्लोरोक्विन मारत नाही, प्रायमाक्विन मारतं. लोक चौथ्या दिवशी बरं वाटलं की सोडतात आणि दोन महिन्यांनी परत ताप घेऊन येतात.

पुढे काय येतंय

वेशीवरून निसटलेल्याला आत गाठता येईल का, यावर आता काम चाललंय. ऑक्सफर्डचीच आरएच५ नावाची लस परजीवी लाल पेशीत शिरताना जे प्रथिन वापरतो त्यावर आहे. हे प्रथिन त्याला सहजासहजी बदलता येत नाही. नानोरोमधल्या चाचणीत सहा महिन्यांत ५५ टक्के परिणाम दिसला, हा निकाल २०२४ च्या शेवटी आला. एकटी ती पुरेल असं नाही, पण आर२१ च्या जोडीला दिली तर दोन ठिकाणी पहारा बसतो.

भारतातही आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२५ मध्ये अॅडफॅल्सीव्हॅक्स नावाच्या लसीची माहिती दिली. ती एकाच वेळी दोन कामं करायच्या बेताने बनवलीय, माणसात संसर्ग होऊ नये आणि झालाच तर त्याला चावलेल्या डासात परजीवी वाढू नये. ती लॅक्टोकॉकस नावाच्या, ताक-चीजमध्ये असणाऱ्या बॅक्टेरियात तयार करतात. माणसांवरच्या चाचण्या अजून व्हायच्यात, त्यामुळे पाच-सात वर्षं तरी धरून चाला, आणि ही लसही फाल्सिपॅरमवरचीच आहे. व्हायव्हॅक्सवर वापरात असलेली लस आज जगात कुठेच नाही, आणि त्या संशोधनाला पैसा आणि माणसं मिळवून देण्यात सगळ्यात जास्त गरज असलेल्या देशांपैकी आपण आहोत.